नवा रॉक किंवा हिप-हॉप अल्बम ऐकून स्वतःचे मत कसे लिहावे : नवोदितांसाठी मार्गदर्शक

नवा अल्बम ऐकून संपतो तेव्हा मनात पुष्कळ काही साठलेले असते. पण लिहायला बसले की ‘जबरदस्त’, ‘वेगळा प्रयोग’, ‘मागच्या अल्बमइतका जमला नाही’ अशी चार-दोन वाक्ये उमटतात आणि लेखणी थांबते. अशा वेळी शब्द कमी पडले असे वाटते. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ऐकणेच कमी पडलेले असते. म्हणून या लेखाचा मोठा भाग ऐकण्याविषयी आहे आणि प्रत्यक्ष लेखनाची पायरी बरीच उशिरा येते.

आरंभीच एक कसोटी सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. मत वैयक्तिक असले तरी ते वाचणाऱ्याला तपासून पाहता आले पाहिजे. ‘या अल्बमचे ड्रम्स निर्जीव आहेत’ असे तुम्ही लिहिले, तर ते कोणत्या गाण्यात, कोणत्या मिनिटाला तसे वाटले हे वाचकाला कळले पाहिजे, म्हणजे तो तिथे जाऊन ऐकेल आणि तुमच्याशी सहमत होईल किंवा होणार नाही. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. ज्या मताला गाण्यातली जागा दाखवता येत नाही, ते मत तुमच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीविषयी अधिक सांगते आणि अल्बमविषयी कमी.

लागणारे साहित्य

• बऱ्यापैकी चांगले हेडफोन, शक्यतो तारेचे. फोनच्या स्पीकरवर या दोन प्रकारांतले संगीत ऐकून मत बनवू नये; पन्नास हर्ट्‌झच्या आसपासचे खोल आवाज त्यातून जवळजवळ येतच नाहीत, आणि आजच्या हिप-हॉपचा पाया नेमका तिथेच असतो.
• वही आणि पेन. फोनवर टिपणे काढली तर लक्ष फोनमध्येच अडकते.
• गाण्यांचा क्रम, प्रत्येक गाण्याचा कालावधी आणि श्रेयनामावली : कोणी लिहिले, कोणी वाजवले, निर्माता (म्हणजे गाण्याचा ध्वनी घडवणारा) कोण, ध्वनिमिश्रण कोणी केले.
• गाण्यांचे बोल. हे जवळ ठेवावेत, पण पहिल्यांदा ऐकताना उघडू नयेत.
• त्याच कलाकाराचा किमान एक आधीचा अल्बम.
• अल्बमच्या लांबीपेक्षा निदान अर्धा तास अधिक असा सलग, मोकळा वेळ.

पायरी १ : आपण नेमकी कोणती आवृत्ती ऐकत आहोत ते पाहा

ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि बहुतेक जण ती गाळतात. पण नवोदितांचे सर्वाधिक गोंधळ इथेच होतात, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घालवतो.

पहिली गोष्ट म्हणजे शब्द गाळलेली आवृत्ती. हिप-हॉपचे अनेक अल्बम स्ट्रीमिंगवर दोन रूपांत असतात : एक मूळ आणि दुसरे शिव्या व आक्षेपार्ह शब्द काढून टाकलेले. दुसऱ्या रूपात काही ठिकाणी आवाज बंद केलेला असतो, तर काही ठिकाणी शब्द उलटा वाजवलेला असतो. त्यामुळे रॅपरची लय अडखळल्यासारखी वाटते आणि तो दोष आपण त्याच्या माथी मारतो. ॲपमध्ये ‘आक्षेपार्ह मजकूर दाखवू नये’ असा पर्याय सुरू असेल, तर मूळ आवृत्ती अनेकदा नुसती दिसतही नाही. तो पर्याय आधी तपासा.

दुसरी गोष्ट म्हणजे वाढीव आवृत्ती. अल्बम येऊन आठवडाभर होतो न होतो तोच जादा गाणी जोडलेली आवृत्ती निघते, आणि कधी कधी ती गाणी शेवटी न येता सुरुवातीलाच बसवलेली असतात. अल्बमचा आरंभ आणि शेवट यांविषयी लिहायचे असेल, तर मूळ क्रम कोणता हे माहीत असलेच पाहिजे. काही अल्बम प्रकाशित झाल्यावरही बदलत राहतात. रॅपर कान्ये वेस्टचा ‘द लाइफ ऑफ पाब्लो’ फेब्रुवारी २०१६ मध्ये आला, त्यानंतर त्यातल्या काही गाण्यांचे मिश्रण बदलले गेले आणि त्याच वर्षी जूनमध्ये शेवटी एक नवे गाणे जोडले गेले. अशा अल्बमविषयी तारीख न घालता लिहिलेले मत काही महिन्यांत निराधार होते. म्हणून वहीच्या पहिल्या ओळीत आवृत्ती आणि ऐकल्याची तारीख लिहिण्याची सवय लावून घ्या.

तिसरी गोष्ट म्हणजे ॲपच्या सेटिंग. ‘शफल’ बंद करा. एक गाणे दुसऱ्यात विरघळवणारा ‘क्रॉसफेड’ बंद करा. दोन गाण्यांमध्ये खंड न पडू देणारा ‘गॅपलेस’ पर्याय मात्र सुरू ठेवा; पिंक फ्लॉइड या रॉक समूहाच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’सारखे ज्यांची गाणी एकमेकांत वाहत जातात असे अल्बम या पर्यायाशिवाय मध्येच तुटल्यासारखे ऐकू येतात. बेस वाढवणारे इक्वलायझरही काढून टाका, नाहीतर तुम्ही अल्बमचे नव्हे तर तुमच्या ॲपचे ध्वनिमिश्रण ऐकत असता.

पायरी २ : पहिले ऐकणे — सलग आणि कोरे

पहिल्यांदा अल्बम आरंभापासून शेवटपर्यंत न थांबता ऐका. त्याआधी इतरांची परीक्षणे, मुलाखती, गुणांकन यांपैकी काहीही वाचू नका. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी प्रकाशित करण्याची पद्धत रूढ झाली आहे, त्यामुळे शनिवार उजाडेपर्यंत मतांचा पूर आलेला असतो. त्यातले एखादे ठसठशीत वाक्य वाचले, की अल्बम ऐकताना तेच वाक्य कानात घुमत राहते आणि आपले स्वतःचे पहिले ऐकणे कायमचे हातून निसटते. पहिले ऐकणे एकदाच मिळते, म्हणून ते जपण्यासाठी हा कटाक्ष.

या वेळी वाक्ये लिहू नका. वहीत फक्त गाण्याचा क्रमांक, मिनिट-सेकंद आणि एखादी खूण एवढेच टिपा : लक्ष वेधले गेले तिथे फुली, लक्ष उडाले तिथे वर्तुळ. लक्ष उडाल्याची नोंद फार मोलाची असते आणि बहुतेक जण ती करतच नाहीत. पाचव्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला तुम्ही वेगळ्याच विचारात गेला असाल, तर तिथे काहीतरी घडले आहे. गाणे लांबले असेल, आधीच्याच चालीची पुनरावृत्ती असेल, किंवा तुम्ही खरोखर थकला असाल. कारण पुढच्या खेपेला शोधता येते, पण जागा आत्ताच टिपायला हवी.

आवाजाच्या पातळीविषयी दोन शब्द. तीच ध्वनिफीत थोडी मोठ्याने वाजवली की कानाला अधिक चांगली वाटते, म्हणून दोन अल्बमांची तुलना करताना आवाज एकसारखा ठेवा. दुसरे कारण कानांच्या आरोग्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा मानली जाते, आणि आवाज वाढला की हे तास झपाट्याने घटतात. एकच अल्बम पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्याने हे लक्षात ठेवणे गरजेचे आहे.

पायरी ३ : दुसरे ऐकणे — एका वेळी एकच गोष्ट

दुसऱ्यांदा ऐकण्याआधी शक्य असल्यास एक रात्र जाऊ द्या. मग खुणा केलेल्या जागा उघडा आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा : इथे नेमके काय बदलले? एखादे वाद्य आले, एखादे थांबले, आवाज पुढे आला, ठेका दुप्पट झाला, सूर चढला. कारण साधे असते, पण ते ओळखण्यासाठी कान एका वेळी एकाच थरावर ठेवावा लागतो. एकदा फक्त बेस ऐका, एकदा फक्त ड्रम्स, एकदा फक्त मुख्य आवाजामागचे आवाज. पूर्ण अल्बमसाठी हे करण्याची गरज नाही. ज्या तीन-चार गाण्यांविषयी तुम्ही लिहिणार आहात, तेवढ्यांसाठी केले तरी पुरे.

इथे एक सापळा आहे. परिचयानेच आवड वाढते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये मांडले होते, आणि संगीताच्या बाबतीत त्याचा प्रत्यय सतत येतो. सुरुवातीला खटकलेले ध्रुवपद वारंवार ऐकले की आपोआप गोड वाटू लागते. म्हणून मत बदलले तर ते कशामुळे बदलले हे स्वतःला विचारा. आधी न ऐकलेली एखादी गोष्ट आता ऐकू आली असेल, तर बदल खरा आहे आणि तो लेखात सांगण्यासारखा आहे. नवे काहीच सापडले नसेल, फक्त सवय झाली असेल, तर पहिल्या नोंदीचा मान राखा.

पायरी ४ : रॉक अल्बममध्ये कुठे कान द्यावा

रॉक ऐकताना नवोदितांचे लक्ष गायक आणि एकल गिटार यांच्याकडे जाते. मी मात्र आरंभ ड्रम्स आणि बेस यांच्या नात्यापासून करावा असे सांगेन, कारण समूह एकत्र वाजवतो आहे की तुकडे जोडून गाणे बनले आहे, हे तिथे सर्वांत आधी कळते. बेस गिटार ही ड्रम्सच्या ठोक्याला चिकटून चालते का, की मुद्दाम त्याच्या मागे रेंगाळते? कडव्यातून ध्रुवपदात जाताना वेग किंचित वाढतो का? माणसे एकत्र वाजवत असतील तर असे सूक्ष्म चढउतार होतात. मेट्रोनोमवर, म्हणजे एकसारखे ठोके देणाऱ्या यंत्रावर, बांधलेल्या ध्वनिमुद्रणात ते होत नाहीत. यातले एक चांगले आणि दुसरे वाईट असे समजू नका. यांत्रिक काटेकोरपणा हीच काही समूहांची ताकद असते.

त्यानंतर गिटारची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा. ती किती वेळा येते यापेक्षा प्रत्येक खेपेला तिच्याभोवती काय बदलते ते ऐका. हेडफोनचा एक कान काढून बघा : डाव्या आणि उजव्या बाजूला अनेकदा तीच रिफ दोनदा स्वतंत्रपणे वाजवून ठेवलेली असते आणि त्यामुळेच गिटार भिंतीसारखी रुंद वाटते. एका बाजूची गिटार मध्येच थांबते, तेव्हा गाणे एकदम अरुंद होते आणि गायकाचे शब्द अचानक जवळचे वाटतात. असे क्षण लेखात सांगितले, तर वाचकाला तुमचे कान उसने मिळतात.

तिसरी गोष्ट आहे आवाजाचा चढउतार. १९९० च्या दशकापासून सीडीवरील संगीताची सरासरी पातळी वाढवत नेण्याची चढाओढ सुरू झाली, आणि त्यात हळू व मोठा यांतला फरकच पुसला जाऊ लागला. मेटॅलिका या समूहाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ हे याचे सर्वांत चर्चिलेले उदाहरण आहे. त्याच गाण्यांची एका व्हिडिओ गेममधली आवृत्ती कमी दाबलेली, म्हणजे हळू व मोठा यांतला फरक राखलेली, असल्याने अनेक श्रोत्यांना ती अधिक मोकळी वाटली. आता स्ट्रीमिंग सेवा गाण्यांची पातळी स्वतःच सारखी करतात, स्पॉटिफायची ठरलेली पातळी उणे १४ लुफ्स (जाणवणाऱ्या आवाजाचे एकक) आहे, त्यामुळे नुसते मोठ्याने ध्वनिमुद्रण करून फायदा उरलेला नाही. तरीही दाबलेले ध्वनिमिश्रण ही शैली म्हणून टिकून आहे. तपासण्याची सोपी रीत अशी : सगळा समूह एकदम सुरू होतो त्या क्षणी स्नेअर ड्रमची (तडतडीत आवाजाच्या छोट्या ड्रमची) धार टिकते का ते ऐका. ती बाकीच्या आवाजात बुडून मऊ झाली, तर गाणे मोठे होण्याऐवजी फक्त गच्च झालेले असते.

पायरी ५ : हिप-हॉप अल्बममध्ये कुठे कान द्यावा

या पायरीला मी सर्वांत जास्त जागा देत आहे, कारण रॉकच्या मापाने हिप-हॉप मोजण्याची सवय फार खोल रुजलेली आहे. ‘सगळी गाणी सारखीच वाटतात, चाल कुठे आहे’ अशी तक्रार करणारा श्रोता चुकीच्या ठिकाणी चाल शोधत असतो. हिप-हॉपची मुळे न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या मेजवान्यांत आहेत. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथे डीजे कूल हर्कने वाजवलेली मेजवानी या संगीताचा जन्मदिवस मानली जाते. गाण्यातला ड्रमचा मोकळा तुकडा दोन तबकड्यांवर पुन्हा पुन्हा वाजवून लांबवणे, हे त्याचे तंत्र. म्हणजे पुनरावृत्ती ही इथे उणीव नसून मूळ रचनातत्त्व आहे. त्या पुनरावृत्तीवर काय घडते ते ऐकायचे असते.

आधी बीट, म्हणजे रॅपमागचे संगीत. एकदा शब्दांकडे पूर्ण दुर्लक्ष करून फक्त मागचे संगीत ऐका. चार किंवा आठ आवर्तनांचा तुकडा फिरत असतो (एक आवर्तन म्हणजे चार ठोके). निर्माता कोणती गोष्ट कधी काढून घेतो ते टिपा. बेस एका आवर्तनापुरता गायब होतो आणि त्याच जागी रॅपर सर्वांत महत्त्वाची ओळ म्हणतो, असे अनेकदा आढळेल. खोल, लांब घुमणारा बेस ऐकू आला तर त्याचे मूळ बहुधा १९८० मध्ये आलेल्या रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या तालयंत्राच्या बेस ड्रममध्ये असते. ते यंत्र अवघी काही वर्षे बनले, पण त्याच्या आवाजाचे नाव आजही ‘एट-ओ-एट’ असेच आहे. खरखरीत, धुळकट ड्रम्स ऐकू आले तर ते १९८७ च्या एसपी-१२०० या, ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राच्या परंपरेतले असू शकतात. त्यात जेमतेम दहा सेकंदांचे ध्वनिमुद्रण मावत असे, आणि जागा वाचवण्यासाठी तबकडी वेगाने वाजवून मुद्रित करायची आणि यंत्रात तिचा वेग उतरवायचा, या युक्तीमुळे तो खास खरखरीतपणा आला. आजचे निर्माते तोच पोत संगणकावर जाणीवपूर्वक घडवतात.

सॅम्पलविषयी, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणातून उचललेल्या तुकड्याविषयी, लिहिताना विशेष सावध राहा. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीच्या एका गाण्याबाबत परवानगीविना सॅम्पल वापरण्याविरुद्ध निकाल दिला, आणि त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी व पैसे हा प्रश्न उभा राहिला. डे ला सोल या हिप-हॉप समूहाचा १९८९ चा पहिला अल्बम सॅम्पलच्या परवानग्यांच्या गुंत्यामुळे मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर येऊ शकला नव्हता, यावरून त्याचे गांभीर्य कळेल. आता पुष्कळ निर्माते जुना तुकडा जसाच्या तसा न घेता तो नव्याने वाजवून घेतात. कानाला दोन्ही सारखेच वाटू शकते. म्हणून श्रेयनामावली पाहिल्याशिवाय ‘हे अमुक गाण्याचे सॅम्पल आहे’ असे ठामपणे लिहू नका. ‘अमुक गाण्याची आठवण होते’ एवढेच लिहा. ते अधिक प्रामाणिक आहे आणि वाचकाला तेवढेच पुरते.

मग आवाज. हाताने चारचा ठेका धरा आणि रॅपरचे शब्द ठोक्यावर पडतात, ठोक्याच्या आधी येतात की किंचित मागे रेंगाळतात ते पाहा. हिप-हॉपचे कडवे परंपरेने सोळा आवर्तनांचे असते. मिनिटाला ९० ठोक्यांच्या गतीने ते सुमारे ४३ सेकंदांत संपते. एवढ्या अवकाशात रॅपर आपली पद्धत किती वेळा बदलतो ते मोजता येते. पहिल्या आठ आवर्तनांत ओळीच्या शेवटी यमक आणि पुढच्या आठांत ओळीच्या पोटात यमक असा बदल झाला, तर गाण्याचा ताण कशामुळे वाढला याचे उत्तर तिथेच मिळते. ओळीच्या पोटातली यमके आज सर्वत्र आहेत, परंतु १९८७ मध्ये रॅपर रकीमने त्यांना जे स्थान दिले त्यानंतर या कलेची अपेक्षाच बदलली. श्वासही ऐका. श्वास कुठे घेतला आहे, की तो ध्वनिमुद्रणातून कापून टाकला आहे, यावरून कडवे एका दमात म्हटले आहे की तुकड्यांनी, याचा अंदाज येतो.

ऑटो-ट्यूनविषयी, म्हणजे गायलेला सूर बदलणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी, एक विनंती. हे तंत्र १९९७ मध्ये बाजारात आले आणि त्याचा वापर केवळ बेसूरपणा झाकण्यासाठी होतो, हा समज केव्हाच जुना झाला आहे. सूर मुद्दाम यांत्रिकपणे खेचला की आवाजात एक थंड, दुरावलेला भाव येतो. तो भाव गाण्याच्या आशयाला पोषक आहे का, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. ‘ऑटो-ट्यून वापरले आहे’ हे निरीक्षण झाले, दोष नव्हे.

शब्दांकडे शेवटी या. रॅपमधला ‘मी’ म्हणजे नेहमी तो कलाकार स्वतः असतोच असे नाही. एकाच अल्बममध्ये तो अनेक पात्रांच्या तोंडून बोलू शकतो. पात्राच्या कृतीचा जाब कलाकाराला विचारण्याआधी बोलणारा कोण आहे ते ठरवा. त्याचबरोबर उलटा सापळाही टाळा : स्त्रियांविषयी किंवा हिंसेविषयी एखादी ओळ तुम्हाला मनापासून खटकली असेल, तर ‘ही शैलीच अशी आहे’ म्हणून ती झाकू नका. खटकले, असे लिहा आणि कोणती ओळ खटकली ते दाखवा. कृष्णवर्णीय अमेरिकी समाजाच्या बोलीला स्वतःचे व्याकरण आहे, तिला अशुद्ध इंग्रजी म्हणणे अज्ञानाचे आहे. आणि एखाद्या समाजाविरुद्ध वापरला जाणारा अपमानकारक शब्द गाण्यात आहे म्हणून तो आपल्या लेखात उतरवण्याचे काहीच कारण नाही. ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवलेले बोल अनेकदा चुकीचे असतात, तेव्हा उद्धृत करण्यापूर्वी ती ओळ कानाने पडताळा, आणि एक-दोन ओळींपलीकडे जाऊ नका.

पायरी ६ : अल्बमचा घाट

सुटी गाणी ऐकून झाली की पुन्हा पूर्ण अल्बमकडे या. गाण्यांचा क्रम हा निर्णय असतो. रॅपर केंड्रिक लमारचा ‘डॅम’ एप्रिल २०१७ मध्ये आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तीच गाणी उलट्या क्रमाने मांडलेली आवृत्ती निघाली; दोन्ही ऐकणाऱ्याला क्रम बदलल्याने कथा किती बदलते हे वेगळे सांगावे लागत नाही. याच अल्बमला २०१८ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

लांबीकडेही पाहा. विनाइल तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटे मावत, त्यामुळे अल्बमला नैसर्गिक मध्यंतर होते. सीडीवर ७४ मिनिटे मिळाली आणि अल्बम लांबले. स्ट्रीमिंगमध्ये मर्यादाच उरली नाही. उलट डिसेंबर २०१४ पासून अमेरिकेतील अल्बमांच्या क्रमवारीत स्ट्रीमिंग धरले जाऊ लागले, त्यामुळे जास्त गाणी असणे हिशोबाच्या दृष्टीने फायद्याचे ठरले. म्हणून बावीस गाण्यांचा अल्बम हाती आला, तर कोणती गाणी काढली असती तर अल्बम घट्ट झाला असता, याची यादी वहीत करा. ती लेखात छापायची गरज नाही, पण ती करताना तुमचे मत स्वच्छ होते.

पायरी ७ : माहितीची पडताळणी

तुमच्या टिपणांतली विधाने तीन प्रकारची असतील. ऐकलेली : ‘दुसऱ्या कडव्यात ड्रम्स थांबतात.’ वाचून कळलेली : ‘हा अल्बम समूहाने स्वतः निर्मिला आहे.’ आणि वाटलेली : ‘गायक थकलेला वाटतो.’ पहिल्या प्रकारासाठी पुन्हा ऐका, दुसऱ्यासाठी श्रेयनामावली उघडा, तिसऱ्यासाठी स्वतःला विचारा. घोटाळा होतो तो तिसरा प्रकार दुसऱ्याच्या वेशात आला की. ‘घटस्फोटानंतर खचलेल्या अवस्थेत त्याने हे गाणे लिहिले’ असे वाक्य सहज लिहिले जाते. कलाकाराने तसे जाहीरपणे सांगितलेले नसेल, तर ते वाक्य काढून टाका.

पायरी ८ : लिहिणे

आता लेखणी उचला. पहिल्या परिच्छेदात कलाकाराचे चरित्र सांगत बसू नका. ते कुठेही मिळते. सर्वाधिक फुल्या पडलेल्या जागेपासून सुरुवात करा आणि तिथे काय घडते ते सांगा.

एक उदाहरण घेऊ. ‘तिसरे गाणे अतिशय भावपूर्ण आणि प्रभावी आहे’ हे वाक्य कोणत्याही अल्बमच्या कोणत्याही गाण्याला लावता येते. त्याऐवजी हे पाहा : ‘तिसऱ्या गाण्यात एक मिनिट चाळीस सेकंदांवर दोन्ही गिटार थांबतात, फक्त बेस उरतो, आणि गायिका तेच ध्रुवपद एक सप्तक खाली, जवळजवळ बोलल्यासारखे म्हणते, आधी आव्हान वाटलेली ओळ इथे कबुलीसारखी ऐकू आली.’ या वाक्यात निरीक्षण आहे, त्यातून निघालेले मत आहे, आणि ते तपासण्याची जागाही आहे. विशेषणांना बंदी नाही, पण विशेषण आधी आणि कारण नंतर असे झाले की कारण राहूनच जाते. म्हणून आधी कारण लिहा आणि मग विशेषणाची गरज उरते का ते पाहा.

तुलना जपून करा. आधीच्या अल्बमशी तुलना उपयोगी असते, कारण कलाकाराने काय सोडले आणि काय धरले ते तिथे दिसते. दुसऱ्या प्रसिद्ध कलाकाराशी तुलना करायची, तर नेमके कशात साम्य आहे तेही सांगा : गाण्याची पट्टी, ड्रम्सचा आवाज, यमकांची पद्धत. नुसते ‘अमुकची छाप आहे’ म्हणणे अन्यायाचे होते. जुन्या चाहत्यांचा एक खास सापळा म्हणजे नव्या अल्बमने जुन्याची पुनरावृत्ती केली तरी तक्रार आणि सोडून दिले तरी तक्रार. आपल्या टिपणांत या दोन्ही तक्रारी एकाच वेळी दिसल्या, तर लेख थांबवून आधीचा अल्बम पुन्हा ऐका.

न आवडलेल्या अल्बमविषयी लिहिताना निकष तोच. कठोर लिहा, पण प्रत्येक कठोर वाक्यामागे गाणे आणि मिनिट असू द्या. नवख्या कलाकाराच्या पहिल्या अल्बमवर टीका करताना त्याच्या रूपावर, उच्चारांवर किंवा चाहत्यांवर घसरण्याचा मोह होतो. त्याचा संगीताशी संबंध नाही.

गुण द्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवा. मी देत नाही, कारण दहापैकी सात पाहिले की वाचक मजकूर वाचत नाही. द्यायचेच असतील तर लेख पूर्ण झाल्यावर द्या. आधी आकडा ठरवला तर लेख त्या आकड्याचे समर्थन करत बसतो.

पायरी ९ : प्रकाशित करण्यापूर्वी आणि नंतर

लेख लिहून झाल्यावर अल्बम शेवटचा एकदा ऐका आणि समोर आपला मजकूर ठेवा. मिनिट-सेकंद जुळतात का, गाण्यांची नावे आणि वादकांची नावे बरोबर आहेत का, हे तपासा. या वेळी बहुधा एखादे वाक्य कानाला पटत नाही. तेवढे बदला.

काही महिन्यांनी त्याच अल्बमकडे परत जावेसे वाटले आणि मत बदललेले आढळले, तर जुना मजकूर पुसू नका. त्याखाली नवी तारीख घालून नवी नोंद जोडा आणि कोणत्या गाण्यात काय नव्याने ऐकू आले ते लिहा. दरम्यान कलाकाराने गाण्यांचे मिश्रण बदलले असेल किंवा नवी गाणी जोडली असतील, तर तुमची पहिली नोंद कोणत्या आवृत्तीविषयी होती हे त्याच ठिकाणी स्पष्ट करा.